रडायचं काम

॥ श्री ॥

गोरेगाव (पूर्व),
५ ऑगस्ट २०२५

चि. डॉ. अक्षता हिस,
सुलुआत्याचे अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. नव्या मालिकेच्या सेटवर आत शिरतानाच आमचे मोबाईल काढून घेतात. कोण मेलं आणि कोण परत आलं हे बाहेर फुटू नये म्हणून. ज्युनियर आर्टिस्टचं काम म्हणजे दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं आणि संध्याकाळी दोन मिनिटं रडायचं. शेजारची शेवंतीही याच कामात, ती मेथीच्या जुड्या घेऊन येते आणि निवडत बसते. मी म्हटलं, आपण पत्र लिहावं. कोरे कागद मेकअपवालीकडून मागून घेतले, त्यामुळे पावडरचा वास येईल तो चालवून घे.

उत्तरही लिहूनच पाठव. तुझी ती व्हॉइस नोट नको. मागच्या वेळी ऐकायला घेतली तर निम्म्यात कोणीतरी बेडपॅन मागत होतं आणि तू माझ्याशी बोलतेस की त्याच्याशी हेच कळेना.

काल चंदूदादाचा फोन आला होता. तू कसल्याशा परीक्षेत नापास झालीस म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. बालवाडीत तुला चित्राला दुसरा नंबर मिळाला तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस, ती तू नापास कशी होशील. तुझा बाप कानाने ऐकतो एक आणि सांगतो दुसरंच, म्हणून थेट तुलाच विचारते.

आणि आणखी एक. तू नक्की कसली डॉक्टर होणार आहेस ते मला अजून धड सांगता येत नाही. चारकोपला तुमच्या सेक्टरमधल्या बायकांनी विचारलं, मी म्हटलं सगळ्याची. त्या म्हणाल्या, सगळ्याची म्हणजे कशाचीच नाही. मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. ते उत्तर तेवढं लिहून पाठव, मी पाठ करून ठेवते. पाठांतर चांगलं आहे माझं, आजवर कोणी वाक्यंच दिली नाहीत एवढंच.

आता हाक आली. आज मी हिरोची चुलती आहे आणि चहाच्या सुट्टीनंतर विधवा होणार आहे. हल्ली पांढरी साडी देत नाहीत, फिकट निळी देतात.

माझ्यावरचा लोभ वाढव, आणि जमलं तर स्वतःचं वजनही.

तुझी,
सुलुआत्या

॥ श्री ॥

घाटकोपर,
१८ ऑगस्ट २०२५

ती. सुलुआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वरची अक्षरं बाबांना फोन करून विचारली. शि. सा. म्हणजे शिरसाष्टांग, हे मला आज कळलं. आमच्याकडे प्रत्येक आजाराला तीन अक्षरं असतात, त्यात ही पाच आणखी.

सेक्टरमधल्या बायकांना सांग की मी पहिल्या तासाची डॉक्टर होणार आहे. माणूस आमच्या दारातून आत येतो तेव्हा त्याला काय झालंय हे कोणालाच माहीत नसतं, त्यालाही नसतं. तो हृदयवाल्यांचा, मेंदूवाल्यांचा की हाडंवाल्यांचा, हे ठरेपर्यंत त्याला जिवंत ठेवायचं, हे आमचं काम. पुढे तो बरा होतो तेव्हा पेढे हृदयवाल्यांना मिळतात. याचंच तीन वर्षांचं एम.डी. असतं, इमर्जन्सी मेडिसीन. मला यातलं दुसरं वर्ष चालू आहे.

इथे एक कडक नियम आहे. आज शांत आहे, हे शब्द वॉर्डात कोणी उच्चारायचे नाहीत. परवा दहीहंडीच्या दिवशी एका नव्या इंटर्नने उच्चारले. थोड्याच वेळात अख्खं गोविंदा पथक मनगटं धरून दारात उभं. शिक्षा म्हणून त्याने सगळ्यांना चहा पाजला, पथकालासुद्धा.

आता नापास होण्याचं. बाबांनी या वेळी बरोबर ऐकलंय. आमच्या विभागाची अंतर्गत परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय शिफ्टचा चार्ज देत नाहीत. श्वासनलिकेत नळी घालणं, ई.सी.जी. वाचणं, सगळ्यात मी पहिली. नापास झाले ती नातेवाईकांशी बोलण्यात. आमच्या एक सिस्टर पेशंटची बायको बनून बसल्या होत्या. तुमचे यजमान वारले, एवढंच मी त्यांना सांगायचं होतं. मी खूप बोलले. हृदयाचं पंपिंग, शॉक, इंजेक्शनं, आमचे शर्थीचे प्रयत्न, शरीराने साथ न देणं. माझं बोलून झाल्यावर सिस्टरनी अगदी भोळेपणाने विचारलं, मग डबा कुठल्या वॉर्डात आणून देऊ.

खोलीत सगळे हसले. शर्मिष्ठा मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या की तुला वाटतं तू त्या बाईला जपते आहेस, पण तू स्वतःला जपते आहेस. आत्या, मला ते लागलं. कारण खरंच तो शब्द तोंडाशी येतो आणि मागे फिरतो. खऱ्या नातेवाईकांसमोरही माझं हेच होतं. आजवर माझ्यासाठी ते काम शौनकने केलंय. तो माझ्याच बॅचचा, तो पास झाला.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षा आहे. तीही गेली तर सहा महिने मागे. पण खरा प्रश्न तो नाहीच. जी सांगू शकत नाही तिने या दारात उभं राहावं का, हा आहे. रेडिऑलॉजी बरी असं वाटायला लागलंय. फोटोला नातेवाईक नसतात.

बाबांना यातलं निम्मंच सांग.

लोभ आहे तसाच राहू दे, निकाल काही लागला तरी.

तुझी,
अक्षता

चारकोप, कांदिवली (प.),
२४ ऑगस्ट २०२५

चि. सुलूस,
चंदूदादाचे अ. आ. वि. वि.

तुझा फोन लागत नाही. सेटवर जप्त होतो असं अक्षता म्हणाली, म्हणून हा खटाटोप. निवृत्त झाल्यापासून अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

पोरगी आज सकाळी घरी आली ती बूट घालूनच झोपली. बांगड्याचं तिखलं केलं होतं, दोन घास खाऊन उठली. मग मला विचारलं की बाबा, तुम्हाला नोकरीत कधी राजीनामा द्यावासा वाटला का. आता मी जन्मभर जलखात्यात पाणी सोडलं आणि बंद केलं. मला असले प्रश्न पडले नाहीत. लोकांना मात्र पडायचे, पाणी कधी येणार म्हणून. मी तिला तसं सांगितलं तर हसली, पण हसण्यात जीव नव्हता.

ही शाखा सोडून दे असं मी म्हटलं तर ती हट्टाने राहील. राहा म्हटलं तर माझ्यासाठी राहील, आणि ते वाईट. मला स्वतःला विचारशील तर तिने सोडावं असं वाटतं. रोज दुसऱ्याची मरणं अंगावर घ्यायची म्हणजे काय चेष्टा आहे. पण तिला ते काम आवडतं हेही मला दिसतं. कोणाला वाचवलं की फोनवर आवाजच वेगळा येतो.

तू बोल तिच्याशी. लहानपणापासून ती तुझं ऐकते, माझं ऐकल्यासारखं करते.

गणपतीला ये. आल्याशिवाय नैवेद्य दाखवणार नाही अशी धमकी समज.

तुझा,
चंदूदादा

॥ श्री ॥

गोरेगाव (पूर्व),
२ सप्टेंबर २०२५

चि. अक्षता हिस,
अ. उ. आ. वि. वि.

गणपतीत तू ड्युटीवर, त्यामुळे तुझ्या वाटचे मोदक तुझ्या बापाने खाल्ले आणि पोट दुखतंय म्हणून तुलाच फोन लावत होता. मी लावू दिला नाही. पहिल्या तासाची डॉक्टर हे उत्तर मात्र सेक्टरमध्ये झकास चाललं. एकीने लगेच विचारलं की दुसऱ्या तासाचा डॉक्टर कोण. तिला म्हटलं, तो तू शोध.

आता कामाचं. तू नापास झालीस यात तुझी चूक निम्मी आणि तुमच्या सिस्टरची निम्मी. बायकोची भूमिका करणाऱ्या बाईने आधी बायकोसारखं बसायला हवं. पर्स मांडीवर घट्ट धरून, चपला अर्ध्या काढून, दाराकडे डोळे. तुमची सिस्टर युनिफॉर्मवर ओढणी घेऊन बसली असणार. तिला कोण काय सांगणार. अगं, वाईट बातमी ऐकण्यात माझ्याएवढा अनुभवी माणूस अख्ख्या गोरेगावात मिळायचा नाही. नवरे, मुलगे, जावई, एकदा तर सबंध वऱ्हाड दरीत गेलं. प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन मला सांगतं आणि मी कोसळते. सांगणारा कच्चा असला की माझं रडणंही कच्चं होतं, हे मी दिग्दर्शकांना सांगून थकले.

तुझं काय होतं ते मला इथूनही दिसतं. ताकाला जातेस आणि भांडं लपवतेस. बाकीचं सगळं बोलतेस आणि ज्यासाठी गेलीस तेवढंच राहतं.

तुझ्या मॅडमना विचार, सरावासाठी खरी नातेवाईक मंडळी हवी आहेत का. मी येते, शेवंतीला आणते, आणि आमच्यातला बाळ म्हणून एक आहे, तो म्हातारा बाप फार छान करतो. एक रविवार जाईल आमचा. चहा आणि खायला दिलंत की झालं.

राजीनाम्याचं मला कळलंय. कोणाकडून ते विचारू नकोस, तुझ्या घरात एकच माणूस पत्र लिहिण्याइतका रिकामा आहे. आधी ऑक्टोबर होऊ दे. अंगण वाकडं की आपण, ते नाचून झाल्यावर ठरवू.

आशीर्वाद आहेतच, ते ड्युटी बघून येत नाहीत.

तुझी,
सुलुआत्या

॥ श्री ॥

घाटकोपर,
२२ सप्टेंबर २०२५

ती. सुलुआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल तू गेलीस आणि विभागात आज दिवसभर तोच विषय. मॅडम म्हणाल्या की इतकी वर्षं आम्ही सिस्टरांना रडवत होतो, त्याही कंटाळल्या होत्या. बाळकाकांनी तर कमाल केली. मुलगा गेल्याचं ऐकून ते चष्मा काढून पुसत बसले. ते बघून तो चहावाला इंटर्न खरोखरचा रडला. त्याला आत नेऊन पाणी द्यावं लागलं.

तू मात्र, आत्या, थोडं आवरायला हवं होतंस. शौनकने वाक्य पूर्ण करायच्या आत तू अशी कोसळलीस की तो सराव-बिराव विसरून तुझी नाडी बघायला लागला आणि ट्रॉली मागवली. नाडी उत्तम आहे, आता उठा आजी, असं तो म्हणाला तेव्हा तू डोळे मिटूनच त्याला आजी कोणाला म्हणतोस असं विचारलंस. हे त्याने सगळ्या हॉस्पिटलला सांगितलंय. माफी मागतो म्हणालाय, काकू असं म्हणून.

माझी पाळी आली तेव्हा मी पुन्हा घसरले. या वेळी मी अगदी तयारी करून आले होते. लहान वाक्य, सरळ वाक्य. आणि तोंडातून निघालं काय, तर त्यांची झुंज संपली. तू लगेच विचारलंस की संपली म्हणजे आता बरे आहेत ना. सगळे हसले, मीसुद्धा हसले, काय करणार.

पण तू हसली नाहीस. मला वाटलं तू भूमिकेत आहेस. नंतर बघते तर तू शेवंतीमावशींना न घेता एकटीच निघून गेली होतीस, चहासुद्धा न घेता. तुला कधी चहा सोडून जाताना मी पाहिलेलं नाही. माझं काही चुकलं का. मी पुन्हा घसरले म्हणून रागावली असशील तर तसं लिही. दुसरं काही असेल तर तेही लिही.

या वेळी लोभाबरोबर उत्तरही हवं आहे.

तुझी,
अक्षता

गोरेगाव (पूर्व),
२८ सप्टेंबर २०२५

चि. अक्षता हिस,
अ. आ. वि. वि.

रागावले नव्हते गो. तुझ्यावर तर नाहीच. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. पण तू विचारलंस, आणि तुला याचा उपयोग होईल.

तुझे दत्ताराम काका गेले तेव्हा तू बारावीत होतीस, तुला घरी ठेवलं होतं. हे तेव्हा मालिकांचे सेट उभारणाऱ्यांत, सेटिंगमध्ये, सुतार होते ते तुला माहीत आहे. शिडीवरून उतरताना छातीत कळ आली. युनिटच्या गाडीतून नेलं. मी पलीकडच्या फ्लोअरवर होते, लग्नाचा सीन होता, मेकअप आणि गजऱ्यासकट धावले. हॉस्पिटलमध्ये ह्यांना आत नेलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं.

एक डॉक्टर तीनदा बाहेर आला. तरुण होता, तुझ्याएवढाच असेल. पहिल्यांदा म्हणाला, प्रयत्न चालू आहेत. दुसऱ्यांदा म्हणाला, पेशंट रिस्पॉन्ड करत नाहीये. तिसऱ्यांदा आला तेव्हा बराच वेळ बोलला, बरंचसं इंग्रजीत, आणि शेवटी म्हणाला की आम्हाला वाईट वाटतं. मला वाटलं, उशीर होतोय म्हणून वाईट वाटतंय. मी म्हटलं, काही हरकत नाही, सावकाश होऊ द्या.

तो माझ्याकडे बघत उभा राहिला आणि आत गेला.

मग मी कँटीनमधून चहा आणला. ह्यांना बिनसाखरेचा लागायचा, तो वेगळा सांगून घेतला. नर्सला विचारलं, आता थोडा दिला तर चालेल का. ती निघून गेली. मी पेला रुमालाने झाकून बसले. मग तुझे बाबा आले, धावत, रडत, आणि मला म्हणाले की सुलू, देवगडला ह्यांच्या घरी कोण कळवणार. तेव्हा मला कळलं.

दादाला वाटलं डॉक्टरने सांगितलं असेल. डॉक्टरला वाटलं आपण सांगितलं. नर्सला वाटलं दोघांपैकी कोणीतरी सांगितलंच असणार. त्यात कोणी वाईट नव्हतं. पंधरवड्यात एका लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर माझ्या नावाआधी गं. भा. लिहिलेलं होतं. म्हणजे ते लिहिणाऱ्यालाही कोणीतरी व्यवस्थित सांगितलं होतं. मला तेवढं कोणी सांगितलं नाही.

म्हणून मी तुमच्याकडे आले. रडायला म्हणून नाही आले, रडायला मला सेट पुरतो. तू झुंज संपली म्हणालीस आणि मी बरे आहेत ना म्हणून विचारलं, ते अभिनयाने विचारलं नव्हतं. आपसूक आलं.

एवढंच सांगते. समोर बसू नकोस, समोर बँकवाले बसतात. शेजारी बस. आधी विचार की तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय. आणि मग ते एक वाक्य बोल आणि गप्प राहा. ते वाक्य कडू असतं, पण माणसाला तेच हवं असतं. त्याशिवाय रडायलाही जागा मिळत नाही.

दादाला यातलं काही बोलू नकोस. त्याला उगाच लागेल.

तुझीच,
सुलुआत्या

घाटकोपर,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र ड्युटीआधी वाचलं, ड्युटीनंतर पुन्हा वाचलं. आज गमतीचं काही लिहिता येत नाही.

त्या दिवशी बाहेर आलेला डॉक्टर कोण होता मला माहीत नाही, पण मी त्याला ओळखते. ऑगस्टच्या परीक्षेत तोच माझ्या खुर्चीवर बसला होता. आतापर्यंत मला वाटायचं की मी नीट बोलले नाही तर फार तर माझे गुण जातील. तू काही हरकत नाही म्हणालीस, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

काल एका माणसाच्या बहिणीला शौनकने सांगितलं. मी त्याच्या मागे उभी होते, पाण्याचा ग्लास घेऊन. पुढच्या वेळी ग्लास त्याने धरायचा असं मी त्याला सांगून ठेवलंय. राजीनाम्याचा विचार बारा तारखेच्या परीक्षेपर्यंत बाजूला ठेवला आहे. तेव्हाही जमलं नाही तर मी खरंच सोडणार, आत्या, आणि तेव्हा मला अडवू नकोस.

परीक्षेलाही मॅडमनी तुम्हालाच बोलावलंय, त्यात तू पहिल्या खोलीत असशील आणि मी दुसऱ्या. नात्यातला माणूस समोर द्यायचा नाही असा नियम आहे. माझ्या खोलीत शेवंतीमावशी आहेत. परीक्षकही बाहेरून येणार आहेत, डॉ. देवव्रत म्हणून. तुझ्या खोलीत मदतीला शौनक आहे, त्यामुळे तू निश्चिंतपणे त्याच्या अंगावर कोसळ.

तुझ्या आशीर्वादाची या वेळी खरीच गरज आहे.

अक्षता

॥ श्री ॥

गोरेगाव (पूर्व),
१६ ऑक्टोबर २०२५

चि. डॉ. अक्षता हिस,
सुलुआत्याचे अ. उ. आ. वि. वि.

पास झाल्याबद्दल अभिनंदन. तुझा फोन यायच्या आधी शौनकचा आला. सिस्टरसमोर पुन्हा परीक्षा घेतली आणि या वेळी त्यांनी डब्याचं नाव काढलं नाही म्हणाला. मला काकू म्हणाला, पोरगा सुधारतोय. दादाने सोसायटीत पेढे वाटले आणि राजीनाम्याबद्दल विचारणारी जणू दुसरीच कोणी मुलगी होती असा चेहरा करून फिरतोय.

रविवारची परीक्षा रद्द झाली याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यात दोष असलाच तर आम्हाला कामं देणाऱ्या कोऑर्डिनेटरचा. सकाळी शेवंतीला शूटिंगला बोलावून घेतलं, मग तुमच्या ऑफिसातल्या बाईंनी मला पहिल्या खोलीतून उचलून दुसऱ्यात बसवलं. मी सांगायला हवं होतं की पुढची मुलगी माझी भाची आहे. पण हातात कार्ड दिलं आणि मी ते वाचत बसले. नातं, पत्नी. यजमान कामावर कोसळले. घरी काही माहीत नाही. तीन वाक्यं होती माझी आणि शेवटी रडायचं. सोपं काम होतं.

दार उघडून तू आलीस. मला बघून थबकलीस ते मी पाहिलं, परीक्षकांनी नाही पाहिलं. मी ओळख दिली नाही. आमच्यात कॅमेरा चालू असला की आपला सख्खा भाऊ समोर आला तरी ओळख द्यायची नसते. तू मागे फिरशील असं मला वाटलं. तू खुर्ची ओढलीस आणि शेजारी येऊन बसलीस. मला आतापर्यंत काय सांगितलंय ते विचारलंस. मी म्हटलं, काही नाही, नुसतं बसायला सांगितलंय. हे वाक्य कार्डावर होतं.

मग तू माझ्याकडे बघून म्हणालीस की तुमचे यजमान वारले. त्यांचं हृदय बंद पडलं होतं, आम्ही ते पुन्हा चालू करू शकलो नाही. ते वारले आहेत. आणि गप्प बसलीस. या वेळी शब्द एकही मागे फिरला नाही.

आता माझी पाळी होती. दोन वाक्यं उरली होती, तीही आठवेनात. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी तुला विचारलं की मला त्यांना बघता येईल का. हे कार्डावर नव्हतं. तू क्षणभर मॅडमकडेही पाहिलं नाहीस. हो म्हणालीस, मी येते तुमच्याबरोबर, आणि माझा हात धरून उठलीस. बाजूचं दार उघडलंस. आत सलाईनची खोकी रचलेली, एक मोडकी व्हीलचेअर आणि कोपऱ्यात लादी पुसायचा बोळा. तिथे कोणी नाही हे तुला माहीत होतं आणि मलाही. तरी आपण त्या खोक्यांसमोर उभ्या राहिलो. तू हात सोडला नाहीस, घड्याळ पाहिलं नाहीस, आणि मी रडले. मागून परीक्षकांनी घंटा वाजवली नाही, भले गृहस्थ. बाहेर आल्यावर मीच त्यांना सांगितलं की ही माझी भाची आहे. मॅडमनी नियम तो नियम म्हणून सोमवारी पुन्हा घेतली ते योग्यच केलं.

घरी आल्यावर तू तीनदा विचारलंस की आत्या, मी तुला दुखावलं का, आणि मी विषय बदलला. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. दुखलं. खूप दुखलं. पण त्या रात्री मी इतकी शांत झोपले की शेवंतीने सकाळी दार वाजवून वाजवून मला उठवलं. हे गेले, असं मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं असेल. मला ते पहिल्यांदा तू सांगितलंस.

दिवाळीला ड्युटी नसली तर घरी ये, असली तर मी फराळ घेऊन तिथे येते.

तुझी,
सुलुआत्या